गच्चीपासून गटारापर्यंत

दिवाळीच्या तोंडावर सोसायटीत जिन्याला रंग लागतो, गेटवर कंदील चढतो, पार्किंगमधली अडगळ निघते. याच दिवसांत आणखी एक काम करावं, असं मला मनापासून वाटतं. इमारतीभोवती एक फेरी मारावी आणि बाहेरच्या भिंती नीट पाहाव्यात. पाऊस नुकताच परतलेला असतो. चार महिने पाणी जिथून जिथून गेलं, त्या प्रत्येक जागी त्याची खूण असते. पाईपाच्या सांध्याखाली हिरवा-काळा ओघळ असतो, छज्ज्याच्या बुडाला पांढरा क्षार असतो, जोत्याजवळ फूटभर उंचीपर्यंत शेवाळ असतं आणि कंपाउंडच्या एखाद्या कोपऱ्यात पेव्हर ब्लॉक खचलेले असतात. मे महिन्यात हीच भिंत कोरडी ठणठणीत होते. शेवाळ वाळून झडतं, ओघळ फिके पडतात आणि आपण नेमकं तेव्हाच कंत्राटदाराला बोलावतो. त्याला दिसतात फक्त पोपडे. तो पोपडे काढतो, प्लॅस्टर करतो, रंग लावतो. जूनमध्ये पुन्हा तीच भिंत, तीच ओल.

पावसाळी पाण्याचे पाईप आणि त्यांच्यापुढची जमिनीखालची वाहिनी हा इमारतीचा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. लिफ्ट बंद पडली तर तासाभरात फोन जातात. पावसाळी पाईप मात्र वर्षानुवर्षं आतून तुंबत जातो आणि कोणाला पत्ता लागत नाही. या लेखासाठी मी सोसायट्यांच्या गच्च्यांवर आणि चेंबरांपाशी उभा राहिलो, इंजिनिअर, प्लंबर, गवंडी यांच्याशी बोललो. सगळ्यांच्या बोलण्याचा मथितार्थ एकच होता. ओल दिसते तिथे बिघाड असेलच असं नाही. पाणी गच्चीवरून निघून रस्त्याच्या गटारात पडेपर्यंत एकच सलग वाट चालतं. ती सगळी वाट तपासल्याशिवाय कुठेही थापी लावू नये.

पाणी नजरेआड गेलं

कोकणातल्या कौलारू घरात पावसाच्या पाण्याचा हिशेब डोळ्यांसमोर असायचा. कौलांवरून आलेलं पाणी पागोळ्यांतून पडायचं, किंवा पोफळीचं खोड उभं चिरून केलेल्या पन्हळीतून बाजूला जायचं. पागोळ्या पडत त्या रेषेवर दगड बसवलेले असत, पुढे पाट काढलेला असे. एखादं कौल सरकलं किंवा पाट बुजला, तर घरातल्या माणसाला पहिल्याच सरीत कळत असे. मे महिन्यात शाकारणी व्हायची, तेव्हा पाटही उकरला जायचा.

सिमेंटचा सपाट स्लॅब आला आणि गच्ची मिळाली, पण पाणी पाईपात गेलं आणि पाईप जमिनीत गेला. आज शहरातल्या बहुतेक सोसायट्यांकडे आपल्या पावसाळी वाहिनीचा नकाशाच नसतो. कोणता पाईप कोणत्या चेंबरमध्ये उतरतो, चेंबर कुठून कुठे जोडलेले आहेत, शेवटी पाणी महापालिकेच्या वाहिनीत कुठे पडतं, हे ज्याला ठाऊक असतं तो जुना वॉचमन गावी निघून गेलेला असतो. म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी कागदावरची आहे. हरवलेली वाट पुन्हा शोधून काढायची.

गच्चीवरचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमतं. हे गणित सोपं आहे आणि त्याच्यावरच सगळं उभं आहे. तीनशे चौरस मीटरच्या गच्चीवर तासाला १०० मिलिमीटर वेगाने पाऊस कोसळला, तर तासाभरात ३०,००० लिटर पाणी खाली न्यावं लागतं. म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर. असा जोर तासभर टिकेलच असं नाही, पण कोकण किनारपट्टीवर दहा-पंधरा मिनिटांसाठी तो दरवर्षी येतो आणि पाईपांची परीक्षा तेवढ्या वेळातच होते.

राष्ट्रीय इमारत संहितेत यासाठी तक्ता दिलेला आहे. तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे आपला चार इंची, एक उभा पाईप सुमारे ८५ चौरस मीटर छपराला पुरतो. पाऊस १०० मिलिमीटर धरला की तोच पाईप जेमतेम ४३ चौरस मीटरला पुरतो. म्हणजे आपल्या तीनशे चौरस मीटरच्या गच्चीला पहिल्या हिशेबाने चार पाईप चालतात, दुसऱ्या हिशेबाने सात लागतात. जुन्या इमारतींत चार कोपऱ्यांना चार पाईप दिसतात ते या पहिल्या हिशेबातले. त्यांतला एक बंद पडला, तर उरलेल्या तिघांवर भार येतो आणि जोराच्या सरीत गच्चीचं तळं होतं.

या तळ्याकडे हलक्या मनाने पाहू नये. सहा इंच पाणी साचलं तर प्रत्येक चौरस मीटरवर दीडशे किलो वजन येतं. वापरात असलेल्या गच्चीचा स्लॅब डिझाइन करताना माणसं, सामान वगैरेंसाठी जो फिरता भार धरतात, तो साधारण तेवढाच असतो. म्हणजे कठड्याच्या आत साचलेलं अर्धा फूट पाणी तो सगळा भार एकटं खाऊन टाकतं. त्यावर पाण्याच्या टाक्या, सोलरचे सांगाडे, मोबाइल टॉवरची केबिन हे असतंच.

गेल्या वीसेक वर्षांत आणखी एक गोष्ट घडली. गळतीला कंटाळून सोसायट्यांनी गच्चीवर पत्र्याची शेड घातली. शेडमुळे स्लॅब वाचतो हे खरं. पण मूळ गच्चीचा उतार चार दिशांना चार पाईपांकडे होता. शेडचा उतार एका किंवा दोन बाजूंना असतो. पत्र्यावरून पाणी धावत येतं, ते सगळं त्या बाजूच्या दोन पाईपांवर आदळतं आणि पलीकडचे दोन पाईप कोरडे राहतात. शेडला पन्हळ लावली नसेल किंवा अपुरी असेल, तर पाणी कठड्याच्या बाहेर थेट भिंतीवर उडतं. शेड घालणाऱ्याने पत्र्याचे चौरस फूट मोजलेले असतात. पाणी कुठे जाणार हे मोजलेलं नसतं.

गच्चीतल्या पाईपाचं तोंड

ठाण्याजवळच्या एका सोसायटीच्या गच्चीवर प्लंबर मिस्त्रींनी कोपऱ्यातल्या पाईपाचं तोंड उकरून दाखवलं, ते जवळून पाहण्यासारखं होतं. तळमजला आणि वर चार मजले, साधारण पस्तीस वर्षांची इमारत. वर सपाट लोखंडी जाळी होती, अर्धी गंजलेली. जाळीवर एक दुधाची पिशवी चिकटली होती आणि एवढीशी पिशवी जवळजवळ सगळी भोकं झाकत होती. जाळी काढल्यावर छेद दिसला. सगळ्यात खाली मूळ स्लॅब, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर चायना मोझॅक, त्यावर डांबरी पत्र्याचा थर आणि सर्वांत वर नव्या वॉटरप्रूफिंगचं रबरी कोटिंग. प्रत्येक थराने गच्ची थोडी-थोडी वर आली होती. तोंड मात्र मूळ जागीच राहिलं होतं. प्रत्येक गवंड्याने आपला थर तोंडाच्या कडेपर्यंत आणून तिथे हाताने गोल फिरवला होता. चार इंचांचं तोंड आता मूठ जेमतेम जाईल एवढं उरलं होतं.

त्याहून वाईट गोष्ट मिस्त्रींनी बोट घालून दाखवली. वरचं कोटिंग तोंडाच्या कडेलाच संपत होतं, आत वळवलेलं नव्हतं. त्यामुळे पाण्याचा काही भाग पाईपात जात होता आणि काही भाग कोटिंग आणि जुना कोबा यांच्या फटीत शिरत होता. "साहेब, गच्ची दोनदा वॉटरप्रूफ केली, पण भोकाच्या आत कोणी हात घातलाच नाही," ते म्हणाले.

तोंडाची दुरुस्ती बारीक असते, पण अवघड नसते. भोवतीचा फूट-दीड फूट चौकोन मूळ स्लॅबपर्यंत फोडायचा. पाईपाचा वरचा तुकडा बदलून त्याची कड सभोवतालच्या उतारापेक्षा किंचित खाली ठेवायची. वॉटरप्रूफिंगचा थर तोंडाच्या आत काही इंच वळवून चिकटवायचा. भिंत आणि गच्चीच्या कोनात गोलाकार वाटा काढायचा. शेवटी सपाट जाळीऐवजी घुमटासारखी उंच जाळी बसवायची. पानं, पिशव्या घुमटाच्या पायाशी अडकल्या तरी वरच्या भोकांतून पाणी जात राहतं. गच्चीचा उतार शंभरात एक, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच, इतका तरी हवा. तो आहे की नाही हे बादलीभर पाणी ओतलं की कळतं.

उभा पाईप काय सांगतो

आपल्याकडे उभ्या पाईपांच्या तीन पिढ्या दिसतात. बीडाचे पाईप जुन्या चाळी आणि इमारतींवर आहेत. त्यांचे सांधे सुतळी ठोकून, वर शिसं ओतून बंद केलेले असत. त्यानंतर आले सिमेंट-अॅस्बेस्टॉसचे करडे पाईप. आता पीव्हीसी. पीव्हीसीतही मानकाप्रमाणे दोन प्रकार आहेत: पातळ जाडीचा 'ए' पावसाळी पाण्यासाठी आणि जाड 'बी' मैलापाण्यासाठी. तळमजल्यावर, जिथे गाड्या घासतात आणि मुलं चेंडू मारतात, तिथे पहिल्या सात-आठ फुटांना जाड पाईप किंवा बीडाचा तुकडा घालणं शहाणपणाचं.

बीडाच्या पाईपाची तपासणी मिस्त्री हातोडीने करतात. हलकेच ठोकत खाली यायचं. धड पाईप खणखणीत वाजतो. आत गाळ बसला असेल किंवा पाईप चिरला असेल, तर आवाज बद्द येतो. मागची भिंतीकडची बाजू दिसत नाही आणि पाईप तिथेच आधी सडतो, कारण ती कधी रंगत नाही आणि कधी वाळत नाही. पाईप भिंतीला चिकटून असेल, तर दुरुस्तीत तो इंच-दोन इंच पुढे घेऊन क्लॅम्पवर बसवावा.

सांध्यात आणखी एक गोष्ट पाहायची. प्रत्येक पाईपाला एका टोकाला रुंद सॉकेट असतं. सॉकेटचं तोंड वरच्या दिशेला हवं, म्हणजे वरचा पाईप त्यात उतरतो आणि पाणी आतल्या आत राहतं. मधला एखादा तुकडा बदलताना घाईत तो उलटा बसवला जातो आणि मग प्रत्येक सरीत त्या सांध्यातून पाणी भिंतीवर येतं. सांध्यात पिंपळ किंवा वडाचं रोप दिसलं तर वरवर कापून उपयोग नाही. मूळ आत गेलेलं असतं, सांधा उघडून ते मुळापासून काढावं लागतं. अॅस्बेस्टॉसचा पाईप काढताना मात्र तो करवतीने कोरडा कापू नये, फोडूही नये. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ओला करून, अख्खा तुकडा उतरवून, गुंडाळून वेगळा ठेवायचा आणि कामगारांना चांगले मास्क द्यायचे, ही जबाबदारी काम देणाऱ्याचीच आहे.

पावसाळी पाईपात दुसरं काही सोडलं आहे का, हेही बघावं. बाल्कनी आत घेऊन तिथे मोरी किंवा वॉशिंग मशीन आलं की त्याचं पाणी सर्रास जवळच्या पावसाळी पाईपात जोडतात. साबणाचा चिकट थर आतून बसतो, त्याला धूळ धरते आणि पाईप अरुंद होत जातो. वर ते सांडपाणी पावसाळी वाहिनीतून थेट नाल्यात आणि नदीत जातं. मुंबईसारख्या शहरात मैलापाण्याची आणि पावसाची व्यवस्था वेगवेगळी ठेवली आहे, त्यामागचं कारणच हे आहे.

दुसऱ्या मजल्यावरची ओल

त्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजींच्या स्वयंपाकघराची भिंत दर पावसाळ्यात ओलावत होती. आजींनी दोनदा स्वखर्चाने आतून प्लॅस्टर करून घेतलं. सोसायटीने गच्ची वॉटरप्रूफ केली. ओल गेली नाही. इंजिनिअरने भिंतीवरच्या ओघळाची जागा पाहिली, तर ओघळ गच्चीपासून सुरू होत नव्हता. तो दुसऱ्या मजल्याच्या सांध्यापासून खाली येत होता. वरची भिंत कोरडी होती.

याचा उलगडा जमिनीखाली होता. पाईपाच्या बुडाशी चेंबर तुंबलेलं होतं. खालून वाट बंद झाल्यावर मोठ्या सरीत उभा पाईप टाकीसारखा भरत वर येत होता. पाईपात दहा मीटर पाणी उभं राहिलं की बुडाशी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा दाब येतो. पावसाळी पाईप दाबासाठी केलेलाच नसतो. पाणी त्याच्या भिंतीला लागून वाहून जावं, एवढीच अपेक्षा असते. दाब आला की भरलेल्या उंचीतला जो सांधा सगळ्यात कच्चा, तिथून पाणी बाहेर पडतं. इथे तो आजींच्या ओट्यामागे होता. "इतकी वर्षं मी भिंतीलाच दोष देत होते," आजी म्हणाल्या.

ही गोष्ट अपवाद नाही. मधल्या मजल्यावर ओल आणि वर कोरडं, असं चित्र दिसलं की आधी खाली चेंबर उघडावं.

जमिनीखाली

कंपाउंडमधल्या वाहिन्या जुन्या सोसायट्यांत बहुधा स्टोनवेअरच्या, म्हणजे भाजलेल्या चकचकीत मातीच्या असतात. हे पाईप रसायनांना दाद देत नाहीत, पण दोन-दोन फुटांवर सांधा असतो आणि सांध्यात सिमेंटचा मसाला. भराव खचला की सांधा चिरतो. चिरेतून माती आत येते, झाडाचं मूळ आत येतं, पाणी बाहेर जातं. बाहेर गेलेलं पाणी बारीक माती धुऊन नेतं आणि जमिनीखाली पोकळी तयार होते. खचलेला पेव्हर ब्लॉक ही त्या पोकळीची वर दिसणारी खूण आहे. ब्लॉक उचलून खाली रेती भरली की कंपाउंड वर्षभर सपाट दिसतं आणि पुन्हा खचतं.

सगळ्यात मोठा धोका पिण्याच्या पाण्याला आहे. आपल्या सोसायट्यांची जमिनीखालची टाकी बहुधा त्याच कंपाउंडमध्ये असते. तुंबलेल्या वाहिनीतलं पाणी टाकीच्या झाकणापर्यंत चढलं किंवा चिरलेल्या भिंतीतून आत झिरपलं, तर कावीळ आणि गॅस्ट्रो घरोघरी पोहोचतात. टाकीच्या झाकणाची कड कंपाउंडच्या पातळीपेक्षा ठळक उंच असलीच पाहिजे आणि पावसाळी वाहिनी टाकीपासून लांबून नेली पाहिजे.

त्यात पेव्हर ब्लॉकची हौस आली. चेंबरांची झाकणं ब्लॉकखाली गेली. वरून कंपाउंड देखणं झालं आणि खालची वाट कायमची बंद झाली. एका सोसायटीत चेंबर शोधण्यासाठी सळईने ब्लॉक ठोकत फिरावं लागलं. पोकळ आवाज आला तिथे उकरलं, तेव्हा झाकण मिळालं. चेंबर गाळाने काठोकाठ भरलेलं होतं.

आरसा, टॉर्च आणि चेंडू

वाहिनी तपासायच्या जुन्या पद्धती आजही उत्तम आहेत. दोन चेंबरांमधला तुकडा स्वच्छ केल्यावर एका चेंबरमध्ये टॉर्च धरायचा आणि दुसऱ्यात तिरपा आरसा. पाईप सरळ आणि मोकळा असेल, तर आरशात प्रकाशाचं पूर्ण गोल वर्तुळ दिसतं. मधे पाईप खचला असेल, तर खालची बाजू पाण्याने चमकते आणि वर्तुळाचा अर्धगोल होतो. सांधा सरकला असेल, तर कडेला काळी कोर दिसते. आजींच्या सोसायटीतल्या पहिल्या दोन चेंबरांमध्ये चंद्रकोरीएवढाच उजेड आला आणि कमिटीतल्या सगळ्यांनी पाळीपाळीने वाकून तो पाहिला. त्यानंतर वाहिनी बदलायची की नाही यावर वाद झाला नाही.

दुसरी पद्धत चेंडूची. संहितेत ती स्पष्ट दिली आहे. पाईपाच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटर लहान, गुळगुळीत चेंडू वरच्या टोकाला सोडायचा. मसाल्याचे गोळे किंवा अडथळे नसतील, तर तो आपल्या वजनाने उतारावरून घरंगळत खालच्या टोकाला बाहेर येतो. नव्या कामाचं शेवटचं बिल देण्यापूर्वी ही चाचणी कंत्राटदारासमोर करून घ्यावी. आता केबलवरचे कॅमेरेही भाड्याने मिळतात. लांब किंवा वळणाच्या वाहिनीला ते उपयोगी पडतात, त्यांचं चित्रीकरण सोसायटीच्या दप्तरात राहतं.

कोणता पाईप कुठे उतरतो हे शोधायला रंगीत पाणी वापरतात. गच्चीच्या एका तोंडात खाण्याचा रंग घातलेलं बादलीभर पाणी ओतायचं आणि खाली सगळी चेंबरं उघडी ठेवून माणसं उभी करायची. ज्या चेंबरमध्ये रंग दिसेल ती नोंद कागदावर. एका सकाळच्या कामात सोसायटीचा हरवलेला नकाशा परत मिळतो.

दुरुस्ती खालून वर

दुरुस्तीची दिशा उलटी असते. पाणी वरून खाली येतं, काम मात्र खालून वर न्यायचं. आधी रस्त्याच्या वाहिनीला जोडणारं शेवटचं चेंबर मोकळं करायचं, मग एकेक तुकडा मागे जात साफ करायचा, शेवटी उभे पाईप आणि गच्ची. वरून सुरुवात केली, तर सुटलेला सगळा गाळ खाली जाऊन आणखी घट्ट बसतो.

गाळ काढायला जेटिंग मशीन किंवा सळया वापराव्यात, माणूस चेंबरमध्ये उतरवू नये. पावसाळी म्हणवणाऱ्या चेंबरमध्येही सांडपाणी शिरलेलं असतं, तिथे विषारी वायू साठतो. संरक्षणाशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूंसाठी कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये सांगितलं. पण भरपाईच्याही आधी, दोन-पाच हजार वाचवण्यासाठी एखाद्याचा जीव पणाला लावण्याचा अधिकार कोणत्याही कमिटीला नाही.

वाहिनी बदलायची ठरली, तर तीन गोष्टींवर काटेकोर राहावं. पहिली गोष्ट उताराची. चार इंची पाईपाला चाळीसात एक, सहा इंचीला साठात एक, नऊ इंचीला नव्वदात एक हा प्लंबिंगचा जुना ठोकताळा आहे. सहा इंची वाहिनी तीस मीटर लांब असेल, तर शेवटी अर्धा मीटर खाली उतरली पाहिजे. उतार कमी पडला की गाळ बसतो. दुसरी, चराच्या तळाची. दगड-विटांच्या तुकड्यांवर पाईप टाकू नये. तळ समतल करून, ठोकून, मऊ भराव घालून पाईप पूर्ण लांबीभर टेकला पाहिजे. गाड्या जातात तिथे काँक्रीटचं वेष्टण द्यावं. तिसरी, चेंबरांची. प्रत्येक वळणावर, प्रत्येक जोडणीवर चेंबर हवं आणि उभ्या पाईपाखालच्या पहिल्या चेंबरचा तळ बाहेर जाणाऱ्या पाईपापेक्षा फूटभर खोल हवा, म्हणजे गाळ तिथेच थांबतो आणि वर्षातून एकदा फावड्याने काढता येतो. झाकण ब्लॉकच्या पातळीला, उघडता येईल असं.

घाईत होणारी एक दुरुस्ती मात्र करूच नये: तुंबलेली पावसाळी वाहिनी जवळच्या मैलापाण्याच्या चेंबरला जोडून मोकळं होणं. मैलापाण्याची वाहिनी तेवढ्या पाण्यासाठी नसते. मोठ्या पावसात ती उसळते आणि तळमजल्याच्या संडासातून घाण वर येते.

रस्त्यापलीकडे

सोसायटीने सगळं नीट केलं तरी पाणी शेवटी शहराच्या वाहिनीवर अवलंबून असतं. मुंबईची जुनी पर्जन्यजल व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होती आणि तीही समुद्राला ओहोटी असताना. १९९३च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ती क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत न्यायला सुचवलं. काम रेंगाळलं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्या दिरंगाईची किंमत शहराने मोजली. त्यानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीने कारणांचा अभ्यास केला. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथे उदंचन केंद्रं उभी राहिली. ती भरतीच्या वेळी पाणी उपसून समुद्रात टाकतात.

तरीही भरती आणि मोठा पाऊस एकत्र आले की रस्त्याची वाहिनी भरते आणि पाणी उलट सोसायटीत येतं. त्यात दरवेळच्या डांबरीकरणाने, आता काँक्रीटने, रस्ते वर गेले आणि जुनी कंपाउंडं खोलगट झाली. अशा ठिकाणी शेवटच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात. तो रस्त्याचं पाणी थोपवतो, पण त्या वेळी आपलंही पाणी आतच अडतं. म्हणून सोबत साठवणीचा खड्डा आणि पंप लागतो; नुसता व्हॉल्व्ह बसवून निर्धास्त होऊ नये. त्याच्या झडपेत कचरा अडकला की ती उघडीच राहते, म्हणून पावसाळ्यात तो नियमित साफ करावा.

आणि तुंबलेलं पाणी जावं म्हणून रस्त्यावरचं मॅनहोल कोणीही उघडू नये. २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात मुंबईत एका नामवंत डॉक्टरांचा अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला. पाण्याखाली उघडं भोक दिसत नाही.

सभेत ठरवायच्या गोष्टी

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत गच्ची, बाहेरच्या भिंती, ड्रेनेजच्या वाहिन्या आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने करायची, असं स्पष्ट आहे. म्हणजे आजींनी आपल्या भिंतीसाठी खिशातून पैसे घालायचं कारणच नव्हतं. त्याच उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करायचं असतं. त्या अहवालात पावसाळी वाहिनीचं स्वतंत्र प्रकरण मागावं. स्लॅबमधली सळई गंजली की फुगते आणि भोवतालचं काँक्रीट फोडते. तो गंज चढतो मुख्यतः पाण्यामुळे. पाण्याची वाट न सुधारता खांबांना जॅकेटिंग करणं म्हणजे मोठा खर्च करून रोग तसाच ठेवणं.

कंत्राट देताना 'बाहेरून रंग आणि प्लंबिंग, एकरकमी' अशी ओळ मान्य करू नये. पाईपाचे मीटर, चेंबरांची संख्या, क्लॅम्प, जाळ्या, गच्चीतल्या तोंडांची दुरुस्ती, खोदकाम आणि भराव यांची वेगवेगळी नोंद हवी. आणि रंग सगळ्यात शेवटी. त्याच परांचीवरून आधी पाईप बदलून, पाणी सोडून पाहून, मग रंग, हा क्रम करारातच लिहून घ्यावा. रंगाआधी पाणी नीट गेलं, तर तो रंग टिकतो.

वार्षिक सभा सप्टेंबरअखेर झालेली असते, तिथे गळतीच्या तक्रारीही झालेल्या असतात. पण ठराव बहुधा 'मे महिन्यात बघू' असा होतो. मे उशीर आहे. तेव्हा मिस्त्री मिळत नाहीत, दर चढतात, खूण पुसलेली असते आणि पहिला वळीव चर उघडा असतानाच येतो. या दिवाळीत फोन घेऊन इमारतीभोवती फिरा आणि प्रत्येक ओघळाचा, प्रत्येक खचलेल्या ब्लॉकचा फोटो काढून तारखेसह कमिटीला द्या. डिसेंबरपर्यंत चेंबरं उघडून नकाशा करा, संक्रांतीनंतर खोदकाम सुरू करा आणि एप्रिलमध्ये गच्चीवरून पाणी सोडून सगळी वाट एकदा चालवून बघा. रंगाचं काय ते त्यानंतर ठरवा.